भरलेल्या टाक्या उन्हात गाडीत ठेवल्या तर फुटतील का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मालवणचा सीझन संपत आला आणि इकडं पावसाळ्याआधी रेस्क्यूवाल्या पोरांचा सराव सुरू झाला की स्कुबाच्या टाक्यांबद्दल प्रश्नांचा ढीग लागतो, म्हणून यावेळचं पान सगळं त्यालाच दिलंय.

दादा, आमचा पोरांचा ग्रुप आहे, पुरात मदतीला जातो, आता सराव चाललाय. सकाळी एक डाइव्ह, मग जेवण, दुपारी दुसरी. मधल्या वेळेत भरलेल्या टाक्या बंद गाडीत असतात आणि गाडी उन्हात, सीटला हात लावू देत नाही एवढी तापते. घरचे म्हणतात गाडीत बॉम्ब घेऊन फिरताय. एकानं सांगितलं व्हॉल्व्ह जरा सैल ठेवा म्हणजे जास्तीचं प्रेशर निघून जाईल. नक्की काय करायचं?
एक वाचक, कसबा बावडा

घरच्यांना आधी हे वाचून दाखवा म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडेल. टाकी धड असेल, हायड्रो टेस्टची (पाणी भरून दाब देऊन टाकी तपासतात ती) मुदत शिल्लक असेल आणि भरणाऱ्यानं तिच्यावर कोरलेल्या प्रेशरपेक्षा जास्त हवा कोंबलेली नसेल तर गाडीतल्या उन्हानं ती फुटत नाही. पण ही तीन ‘असेल’ खरी आहेत का हे बघायचं काम तुमचं आहे, आणि ग्रुपच्या टाक्यांच्या बाबतीत नेमकं तेच कोणी बघत नाही असं मी परत परत बघतोय.

गणित सोपं आहे. टाकीचं आकारमान बदलत नाही, त्यामुळं आतली हवा तापली की प्रेशर चढतं. ३० अंशाला २०० बार (बार हे दाबाचं माप) भरलेली टाकी ६५ अंशापर्यंत तापली तर शाळेतल्या सूत्रानं ती साधारण २२३ बारवर जाते. खरी हवा एवढ्या दाबाला सूत्रापेक्षा थोडं जास्तच प्रेशर दाखवते, म्हणून मी पोरांना सांगतो की एका अंशाला एक बार धरून चला, म्हणजे ३५ अंश वाढले तर २३५ बार. आता टाकीच्या खांद्यावरचा शिक्का बघा. २०० बारची टाकी असेल तर तिचं टेस्ट प्रेशर ३०० बार लिहिलेलं सापडेल, आणि आपल्याकडं मालवण-तारकर्लीला दिसते ती ११ लिटरची अॅल्युमिनियमची टाकी, जिला सगळे एटी (ऐंशी) म्हणतात, तिचं वर्किंग प्रेशर, म्हणजे भरायचं प्रेशर, २०७ आणि टेस्ट ३४५ बार. म्हणजे तापून तापून ती जिथं पोचते त्याच्या बऱ्याच वरच्या दाबाला ती आधीच तपासलेली असते. आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे नियमसुद्धा सिलिंडर ६५ अंशापर्यंत तापणार हे गृहीत धरूनच केलेत, आपण काही वेगळं धाडस करत नाही.

शिवाय १४ किलोचा धातू काही मिनिटांत तापत नाही. डॅशबोर्ड ७० च्या पुढं गेला तरी मागं खाली ठेवलेली, वर चादर टाकलेली टाकी त्याच्या खूप मागं असते.

मग लोकांच्या मनात भीती कुठनं आली? घरगुती गॅसचा सिलिंडर आणि डिओचा डबा यांच्यामुळं. त्यात दाबानं द्रव झालेला गॅस असतो आणि तापमान वाढलं की द्रवाच्या वर जो दाब असतो तो झपाट्यानं वाढतो, हवेसारखा सरळ चालीनं नाही, त्यातच डिओचा डबा पातळ पत्र्याचा, म्हणून त्याच्यावर ५० अंशाच्या वर नेऊ नका असं छापलेलं असतं. वर ते पेट घेणारं. म्हणजे गाडीत डॅशवर विसरलेला डिओ आणि लायटर आधी काढा, टाकीची काळजी त्यानंतर.

व्हॉल्व्ह सैल ठेवायचा सल्ला ज्यानं दिला त्याला प्रेमानं समजवा. सैल व्हॉल्व्ह म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडायची सोय नाही, तो हवा गळायचा रस्ता आहे, प्रेशर जास्त झालंय का कमी ते त्याला कळत नाही, तो नुसता सोडत राहतो. दुपारी पाण्यात उतरताना पोराला वाटणार २०० आहे आणि असणार १४०. व्हॉल्व्ह पूर्ण बंद, रेग्युलेटर (ज्यातनं आपण श्वास घेतो तो) काढून ठेवलेला, तोंडावर टोपी. रेग्युलेटर लावून टाकी गाडीत ठेवूच नका, फर्स्ट स्टेजला, म्हणजे रेग्युलेटरचा टाकीला बसणारा भाग, त्याला एक धक्का बसला की व्हॉल्व्हचं आणि त्याचं दोघांचं नुकसान.

जास्तीच्या प्रेशरसाठी अमेरिकन पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये बर्स्ट डिस्क असते, एक पातळ चकती, टेस्ट प्रेशरच्या ९० ते १०० टक्क्यांच्या दरम्यान फाटते आणि हवा बाहेर सोडते. ही चकती वर्षानुवर्षं भरून-रिकामी करून थकते आणि मग कमी दाबालाही फाटू शकते. गाडीत फाटली तर कानठळ्या बसतील असा आवाज आणि हवेचा फवारा, पण टाकी शाबूत. असं झालंच तर जवळ जाऊन हात घालू नका, दारं उघडून लांब व्हा, टाकी आपोआप रिकामी होते. बऱ्याच युरोपियन व्हॉल्व्हना ही डिस्क नसते, तेव्हा तुमच्या व्हॉल्व्हवर आहे का ते बघून ठेवा. चकती व्हॉल्व्हच्या सर्व्हिसबरोबर बदलायची असते, पण कोण बदलतं?

आता जास्त भरलेल्या टाकीचं. काही ठिकाणी गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून २०७ च्या टाकीत २३०-२४० मारून देतात. ती तापली की २७० च्या आसपास, आणि टाकी जुनी, टेस्ट झालेली नाही, गळ्याशी चीर असेल तर मग मी वर दिलेला दिलासा तुम्हाला लागू नाही. भरताना टाकी गरम होते म्हणून भरणारे थोडं वर नेऊन सोडतात, गार झाल्यावर खाली येतं, तेवढं ठीक आहे. पण गार टाकीवर गेज लावून जास्त दिसत असेल तर भरणाऱ्याला तिथंच सांगा, भिडस्तपणा नको.

गाडीत ठेवायचीच तर सावली बघा, काच बोटभर खाली, टाकीवर पांढरी चादर किंवा ओलं गोणपाट. गाडी गार ठेवायचं खरं कारण बाकीचं सामान आहे. मास्कचा स्ट्रॅप, होज, डाइव्ह कॉम्प्युटरची बॅटरी, यांचं आयुष्य बंद गाडीत झपाट्यानं कमी होतं.

आणि दुपारी पाण्यात शिरताना गेज पाण्यात बघा. उन्हात २२० दाखवणारी टाकी पाण्यात गार झाली की पहिल्या काही मिनिटांत १५-२० बार खाली येते. हवा कुठं गेली नाही, गळतीही नाही, पण ज्यानं २२० धरून प्लॅन केला त्याचा हिशोब चुकला. गढूळ पाण्यात, जिथं हाताला हात दिसत नाही, तिथं हा चुकलेला हिशोब महाग पडतो.

फोंडा घाटानं मालवणला जाताना टाक्या गाडीत कशा ठेवायच्या? उभ्या का आडव्या? आणि एक टाकी असेल तर बुलेटवर बांधून नेली तर चालेल काय?
एक वाचक, राधानगरी रोड

खरं सांगतो, वरचा प्रश्न सगळे विचारतात आणि हा कोणीच विचारत नाही, तुम्ही विचारलात म्हणून बरं वाटलं. गाडीतल्या टाकीचा धोका उन्हापेक्षा ब्रेकमध्ये जास्त आहे.

भरलेली एटी व्हॉल्व्हसकट साधारण १७ किलो, त्यातली अडीच किलोच्या वर नुसती हवा. गोल, गुळगुळीत. घाटात वळणावर समोरनं एसटी आली, कचकन ब्रेक मारला की मोकळी टाकी मागच्या सीटवर येणार, आणि त्या सीटवर आपली माणसं असतात. उभी ठेवलेली टाकी तर पहिल्याच वळणाला आडवी होते आणि पडते ती व्हॉल्व्हवर. व्हॉल्व्ह पितळेचा, टाकीच्या मानानं नाजूक. तो वाकला तर निदान दिवस गेला, मोडला तर त्या टाकीला कोणी अडवू शकत नाही.

म्हणून आडव्या ठेवायच्या, व्हॉल्व्हचं तोंड माणसांकडं नाही, दोन्ही बाजूंना काहीतरी घट्ट अडकण आणि वरनं बेल्ट. ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टा कुठंही मिळतो, तो गाडीच्या हुकात अडकवून आवळायचा. नुसती सुतळी नको, नुसत्या बॅगांचा टेकूही नको, बॅगा ब्रेकबरोबर टाकीच्या आधी पुढं येतात. बांधून झालं की टाकी धरून जोरात हलवून बघा, हलली तर परत बांधा. टाक्या एकमेकींवर आपटत असतील तर मध्ये जुनी सतरंजी घाला. आणि डिकीत ऑइलचा कॅन, ग्रीसचा डबा असेल तर तो दुसरीकडं, व्हॉल्व्हच्या तोंडाला तेल लागता कामा नये. नायट्रॉक्सवाल्यांनी (जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा वापरणाऱ्यांनी) तर हे डोक्यात पक्कं ठेवावं, ऑक्सिजन वाढला की तेल पेटायला निमित्त पुरतं.

बुलेटवर नाही. अॅक्टिव्हाच्या पुढं पायात धरूनही नाही. गॅस सिलिंडर्स रूल्स २०१६ मध्ये दाबाखालचा गॅस भरलेला सिलिंडर सायकलवरनं किंवा दुचाकीवरनं न्यायला सरळ बंदी आहे, आणि ती बंदी शहाणपणाची आहे. एका टाकीसाठी कोणाच्या तरी गाडीत जागा मागा, डायव्हिंगवाला माणूस नाही म्हणणार नाही.

आमच्या जुन्या अॅल्युमिनियमच्या टाक्यांचा रंग उडालाय, खारं पाणी लागून डाग पडलेत. उद्यमनगरात मित्राचा पावडर कोटिंगचा प्लांट आहे, फुकटात करून देतो म्हणतोय, एकदम नव्यासारख्या दिसतील. देऊ का?
एक वाचक, शिवाजी उद्यमनगर

नको. कृपा करून नको, आणि दिल्या असतील तर त्या टाक्या भरू नका.

मित्राला भट्टीचं तापमान विचारा, तो १८० ते २०० सांगेल, पावडर वितळून धरायला तेवढं लागतंच. तुमची टाकी साध्या अॅल्युमिनियमची नाही, ती हीट ट्रीटमेंट दिलेल्या मिश्रधातूची आहे, तिची ताकद त्या ट्रीटमेंटनं आलीय. तुम्ही उद्यमनगरातली माणसं, हीट ट्रीटमेंट म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगायचं, नको त्या तापमानाला परत भट्टीत घातलं की आधी दिलेली ट्रीटमेंट वाया जाते. अमेरिकेतल्या नियमात अॅल्युमिनियमची टाकी ३५० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १७७ अंशाच्या वर गेली असेल तर ती बाद. तपासून बघू, परत टेस्ट करू असलं काही नाही. आणि वाईट गोष्ट ही की बाहेरनं काहीच दिसत नाही. चकचकीत, नवी कोरी, आणि आतनं ताकद गेलेली. गाडीतल्या ६० अंशाला लोक घाबरतात आणि १९० च्या भट्टीत हौसेनं पाठवतात, हे थांबलं पाहिजे म्हणून एवढं लांबण लावतोय.

रंग हवाच तर हवेत वाळणारा, पातळ हातानं, खांद्यावरचे शिक्के बुजू न देता. त्याआधी खारे डाग घासून तिथं खड्डे पडलेत का ते नखानं चाचपून बघा. बूट, म्हणजे खालचा रबराचा कप, काढून त्याच्या आतली बाजू बघा, खारं पाणी आणि वाळू तिथं अडकून राहते आणि गंज सगळ्यात आधी तिथंच धरतो. खड्डे सापडले तर रंग नंतर, आधी तपासणी. टाकीला हुक वेल्ड करणं, भोक पाडणं, लेथला लावून खांदा साफ करणं, यातलं काहीही करायचं नाही.

आणि जुन्या म्हणजे किती जुन्या? खांद्यावरची बनावटीची तारीख बघा. अमेरिकेत १९८८ च्या मध्यापर्यंत बऱ्याच टाक्या ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या बनायच्या, त्यांच्या गळ्याशी आटे असतात तिथं हळूहळू चिरा जाण्याची सवय निघाली, नंतर ६०६१ आला. कोणाकडनं जुनी टाकी स्वस्तात घेतली असेल आणि तारीख त्या काळातली असेल तर ती वापरायचा मोह सोडा. बाहेरनं आणलेली, पेसोची मान्यता नसलेली टाकी तर इथं कायद्यानं भरताच येत नाही. पेसो म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमची केंद्राची संस्था, मुख्यालय आपल्या नागपूरला, परवानाधारक भरणारा तिच्या नियमाखाली असतो. शिक्का बघून भरायला नाही म्हणणारा माणूस तुमचा शत्रू नाही.

आम्ही पोर्टेबल कॉम्प्रेसर घेतलाय, नदीकाठी गाडीच्या मागंच ठेवून भरतो. हवेला कधीकधी वास येतो. फिल्टर बदलला की जातो. काळजीचं आहे का?
एक वाचक, शिरोळ

आहे, आणि वासाची एवढी नाही जेवढी बिनवासाची आहे. गाडी चालू, कॉम्प्रेसरचं इंजिन चालू, आणि हवा ओढायचा पाइप त्यांच्याच शेजारी, म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साइड सरळ टाकीत. त्याला वास नाही, रंग नाही. काठावर त्रास होणार नाही एवढा असला तरी २० मीटर खोल पाण्यात दाब तिप्पट असतो, तिथं त्याचा परिणाम तिप्पट. वर २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) असलेली हवा तिथं ६० पीपीएमसारखी वागते. श्वासाच्या हवेत तो १० पीपीएमच्या आत हवा, त्याहून कमी तेवढा चांगला. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर येणं ही लक्षणं पोरं उन्हाच्या नावावर घालवतात.

इनटेकचा पाइप लांबचा घ्या, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, उंचावर बांधा, आणि भरताना आजूबाजूला एकही गाडी चालू नको. वारा फिरला की पाइप फिरवायचा, हे काम एका माणसाला नेमून द्या. ज्या टाकीच्या हवेला वास आला ती सगळी मोकळी करायची, ‘एवढी एक डाइव्ह होऊ दे’ नाही. आणि टायरवाल्याच्या किंवा स्प्रे पेंटच्या कॉम्प्रेसरचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका, तो ८-१० बारचा, त्यातली हवा श्वासासाठी केलेलीच नसते.

सीझन संपला, टाक्या सहा महिने घरात पडून राहणार. भरून ठेवू का रिकाम्या?
एक वाचक, राजारामपुरी

दोन्ही नको. १०-२० बार ठेवा, म्हणजे आत दमट हवा शिरणार नाही, आपल्या पावसाळ्यात हे महत्त्वाचं. पूर्ण रिकामी, व्हॉल्व्ह उघडा अशी तर कधीच नको. उभी ठेवा, भिंतीला साखळी किंवा पट्ट्यानं बांधून, घरात लहान पोरं असतील तर त्यांच्या हाताला लागणार नाही अशी. स्टीलच्या टाकीत पाणी राहिलं असेल तर गंज आतला ऑक्सिजन खातो, हे खरंच होतं, म्हणून महिनोन् महिने पडून राहिलेली हवा श्वासाला वापरायची नाही, सोडून द्यायची, आतनं बघून घ्यायचं आणि ताजी भरायची. आतनं बघणं, म्हणजे व्हॉल्व्ह काढून दिवा सोडून, वर्षातनं एकदा तरी.

मालवणात दिवसाला दोन-तीन डाइव्ह करून आम्ही संध्याकाळीच कोल्हापूरला निघतो. विमानात बसू नका म्हणतात, पण गाडीला काय होतंय?
एक वाचक, गोकुळ शिरगाव

गाडीला काही होत नाही, घाटाला होतं. समुद्रसपाटीवरनं घाटमाथ्याला आलो की सहाशे मीटरच्या आसपास किंवा वर जातो आणि कोल्हापूरही साडेपाचशेच्या आसपास आहे, हवेचा दाब कमी होतो, डाइव्हमध्ये अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला घाई करतो आणि त्याचे बुडबुडे होतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, त्यांचा सल्ला ६०० ते २४०० मीटरच्या उंचीसाठी असा आहे: एकच साधी डाइव्ह असेल तर १२ तास, दिवसाला अनेक किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर १८ तास थांबा. आपला घाट या पट्ट्याच्या अगदी खालच्या काठावर येतो, म्हणून टूरिस्टांना पाच-सहा मीटरवर फिरवून आणतात त्यांनी घाबरायचं कारण नाही. पण तुमच्यासारखे जे खोल जातात, दिवसभर जातात, त्यांनी रात्र मालवणात काढावी, सोलकढी पिऊन झोपावं आणि दुसऱ्या दिवशी जेवून निघावं.

वर आल्यावर किंवा घाटात खांदा, कोपर, गुडघा ठणकायला लागला, अंगावर चट्टे आले, पायाला मुंग्या आल्या तर झोपून बघू, मालिश करून बघू असं नको. गाडीतला ऑक्सिजनचा किट लावा, शंभर टक्के ऑक्सिजन, पाणी पाजा, आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य ‘आज डाइव्ह केली होती’ हे बोला, नाहीतर सांधेदुखीची गोळी देऊन घरी पाठवतील. डाइव्ह किती खोल, किती वेळ, किती वाजता वर आलात हे कॉम्प्युटरमध्ये असतं, तो पेशंटबरोबर द्या.